कार्पेटवर सायकल ट्रेनर डगमगतो. तो स्थिर कसा बसवावा?

रंकाळाकाठ (प्रश्न):
नमस्कार. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या रस्त्याचा भरवसा नसतो. घाटात धुके असते, कडेला शेवाळ धरते, आणि पंचगंगा चढली की केर्लीजवळ रस्ताच पाण्याखाली जातो. म्हणून घरातच सराव करावा या हेतूने मी डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (सायकल एका जागी बसवून चालवण्याचे उपकरण) घेतला आहे. म्हणजे मागचे चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचावर) बसवावी लागते. घर भाड्याचे असून दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवलेले कार्पेट आहे आणि ते काढण्यास मालकांची परवानगी नाही. बसून पेडल मारताना फारसे जाणवत नाही, मात्र उभे राहून जोर लावला की ट्रेनर दोन्ही बाजूंना झुलतो. पायांचे स्क्रू फिरवून तो समतल केला, तरी तो पुन्हा एका अंगाला कलतो. खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपे राहते, त्यामुळे आवाजाचीही काळजी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्लायवाला:
दोष ट्रेनरच्या पायांत नसून त्याखालच्या मऊ थरात आहे. तुमचे, सायकलचे आणि ट्रेनरचे मिळून जवळजवळ शंभर किलो वजन चार-पाच छोट्या रबरी टोकांवर येते. कार्पेटखाली फोमचे अस्तर असेल, तर प्रत्येक टोक आपापल्या परीने खाली रुतते, आणि ते सर्वत्र सारखे रुतत नसल्यामुळे आज समतल केलेला ट्रेनर उद्या कलतो. अंगठ्याने कार्पेट दाबून पाहा. अंगठा सहज आत जात असेल, तर पाय कितीही फिरवले तरी उपयोग होणार नाही.

यावर उपाय म्हणजे हा भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरवणे. १८ मिमी जाडीचा वॉटरप्रूफ प्लाय सुमारे सहा फूट बाय तीन फूट कापून घ्यावा. आठ बाय चारच्या शीटमधून तो सहज निघतो आणि टिंबर मार्केटमधील दुकानदार मापाप्रमाणे कापून देतात. १२ मिमीचा घेऊन पैसे वाचवण्याचा मोह टाळावा, कारण तो मधोमध वाकतो. ट्रेनर आणि पुढचे चाक दोन्ही याच एका फळीवर असले पाहिजेत. ट्रेनर फळीवर आणि पुढचे चाक कार्पेटवर अशी मांडणी केल्यास सायकल पुढे झुकते आणि प्रत्येक जोराबरोबर हँडल खाली-वर होते. फळीच्या कडा घासून त्यांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत, अन्यथा घामाचे पाणी कडेतून आत शिरून प्लायचे थर सुटतात.

गोकुळ_शिरगाव_राइडर:
वरील सल्ल्याशी सहमत आहे. आवाजापुरती भर घालतो. साखळीचा आवाज हवेतून जातो आणि तो खालच्यांना फारसा ऐकू येत नाही. त्यांना त्रास होतो तो स्लॅबमधून उतरणाऱ्या घरघरीचा. त्यासाठी फळीवर रबरी मॅट अंथरावी. जिमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मॅटपेक्षा गोठ्यात जनावरांखाली घालतात ती जाड मॅट स्वस्त आणि अधिक भरीव असते, आणि आपल्या दूधदुभत्याच्या जिल्ह्यात ती शोधायला लांब जावे लागत नाही. ती साधारण साडेसहा फूट बाय चार फूट येते. धारदार कटरने फळीच्या मापाची करून घ्यावी. सुरुवातीला रबराचा उग्र वास येतो, म्हणून काही दिवस गच्चीवर वाऱ्याला ठेवावी. मुलांच्या खोलीत घालतात त्या फोमच्या रंगीत फरशा मात्र वापरू नयेत, कारण प्लायने मिळवलेली स्थिरता त्या पुन्हा घालवतात. शक्य असल्यास ट्रेनर खोलीच्या मध्यभागी न ठेवता बीम असलेल्या भिंतीजवळ ठेवावा. तिथे स्लॅब कमी थरथरतो.

रंकाळाकाठ:
दोघांचेही आभार. ट्रेनर समतल झाला हे नेमके कसे तपासावे? सायकलची वरची नळी तिरपी असल्याने तिच्यावर पाणसळ ठेवून काही कळत नाही.

प्लायवाला:
पाणसळ प्रथम फळीवर आडवी ठेवावी. फळीच कलती असेल, तर तिच्या खालच्या बाजूस पातळ पट्टी देऊन ती आधी सरळ करावी; हा कल ट्रेनरच्या पायांनी भरून काढू नये. नंतर ट्रेनरचे पाय फिरवून सायकल डावी-उजवीकडे उभी सरळ करावी. पुढे-मागे पाहण्यासाठी टेपने दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्याची फळीपासूनची उंची मोजावी. दोन्ही मापे सारखी आली, तर पुढच्या चाकाखाली ठोकळ्याची गरज नाही; डायरेक्ट ड्राइव्हमध्ये बहुधा नसतेच. शेवटी पायांचे लॉकनट आवळावेत. तुम्ही स्क्रू फिरवलेत, पण लॉकनटचा उल्लेख केला नाहीत. ते सैल राहिले तर कंपनाने स्क्रू आपोआप फिरतात.

तालमीतला_सायकलवाला:
माझे मत थोडे वेगळे आहे. इतके करूनही उभे राहून जोर लावल्यावर किंचित हालचाल राहील आणि ती राहू द्यावी. ट्रेनर फळीला बोल्टने जखडण्याचा सल्ला काही जण देतात, पण तसे केल्यास रस्त्यावर सायकल झुकून जो ताण सोडते, तो सगळा मागच्या ड्रॉपआउटवर (फ्रेममधील मागचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचेवर) येतो. फ्रेम कार्बनची असल्यास ट्रेनरवर वापरण्याबाबत उत्पादकाने काय म्हटले आहे, ते आधी वाचावे.

कोल्हापुरातल्या पावसाळी दमट हवेचाही विचार व्हावा. प्लायखाली दबलेल्या कार्पेटला वारा लागत नाही आणि घाम झिरपला तर बुरशी धरते. मग भाड्याच्या घरात अनामत रकमेवरून वाद ठरलेलाच. सराव संपताच मॅट कोरड्या फडक्याने पुसावी, आणि दर रविवारी फळी एका बाजूने उचलून भिंतीला टेकवून ठेवावी व तासभर पंखा लावावा. एकट्याने उचलण्याइतकी ती हलकी नसते, एवढे लक्षात ठेवून कोणाला तरी हाताशी घ्यावे.