वाळवण गच्चीवर घातलं म्हणून आपण हलके ठरतो का?

विश्रामबागकर

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. गच्चीवर जुनं पातळ अंथरलेलं, त्यावर कुरडया, आणि शेजारच्या दोरीला चिमटे लावून धुतलेल्या दुधाच्या पिशव्या. खाली एवढंच लिहिलेलं, "आपण चाळीत राहतो का? पाहुण्यांनी बघितलं तर काय म्हणतील?" पातळ माझ्या सासूबाईंचं. कुरडया त्यांच्याच, पिशव्याही त्यांच्याच.

ज्यांनी कधी केल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, पिळून, फडक्यातून चीक गाळायचा आणि रात्रभर बसू द्यायचा. वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र घट्ट चीक राहतो. तो पहाटे साडेचारला शिजायला पडतो, कारण ऊन चढायच्या आत घालून व्हायला हवं. शिजताना तो सतत ढवळून हात भरून येतात, एकटीचं काम नाही. आणि गरम आहे तोवरच सोऱ्यात भरायचा, गार झाला की दाबता दाबत नाही. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी चटक्याचा जुना डाग आहे, दर उन्हाळ्यात तिथेच नवा पडतो.

माझी अकरा वर्षांची लेक तो मेसेज मोठ्याने वाचून म्हणाली, "आज्जी, पुढच्या वर्षी विकतच आणूया." सासूबाई काही बोलल्या नाहीत. वर गेल्या आणि आधी दुधाच्या पिशव्या काढून आणल्या.

मी रागाच्या भरात ग्रुपवर लिहिलं, "आम्हाला विकत घेणं परवडतं. आवड म्हणून करतो." आणि मग तेच वाक्य मला दिवसभर खुपत राहिलं. म्हणजे परवडत नाही म्हणून ज्यांना करावं लागतं, त्यांनी करू नये का? आम्ही त्यांच्यातले नाही हे सांगायची मला एवढी घाई का झाली?

बशीत ओतून चहा पिणं, श्रीखंडाच्या डब्यातून शेजारी भाजी पाठवणं, पेस्टची ट्यूब कापून आतलं निपटून घेणं, एसटीत भाकरी-ठेचा सोडून बसणं, सांगलीच्या गणपती पेठेत दहा रुपयांसाठी घासाघीस करणं. हे सगळं "हलक्या घरची लक्षणं" म्हणून लहानपणापासून ऐकत आले. माझं मत सरळ आहे. यातलं काहीही हलकं नाही, आणि पोरांसमोर त्याला हलकं म्हणणाऱ्या मोठ्यांनी तोंड आवरावं.

गच्चीचा_हिशोब

असहमत. ताई, तुमच्या सासूबाईंच्या कष्टाबद्दल आदर आहे, पण गच्ची सामाईक आहे. वाळवण आलं की कावळे-कबुतरं येतात, पाण्याच्या टाकीजवळ घाण होते. एकाने पातळ अंथरलं की दुसरा मिरच्या घालतो, तिसरा गाद्या टाकतो. तक्रार करणाऱ्याला लगेच उच्चभ्रू ठरवू नका. अर्थात फोटोखालचं ते चाळीचं वाक्य चुकीचंच होतं, तेवढं मान्य.

आता दुधाच्या पिशव्यांबद्दल. मी कुपवाडला पत्र्याच्या दोन खोल्यांत वाढलो. वडील एमआयडीसीत कामाला. आमच्या दारातही अशीच दोरी होती आणि दर महिन्याला त्या पिशव्या भंगारवाल्याला मोजून द्यायचं काम माझ्याकडे होतं. शाळेतला मित्र घरी आला की मी आधी पळत जाऊन दोरी मोकळी करायचो. त्या खोल्यांतून बाहेर पडायला मी वीस वर्षं हप्ते भरलेत. मला ती दोरी रोज सकाळी पुन्हा बघायची नाही. ही कुणाबद्दलची घृणा नाही. ज्यातून आलो त्यात परत ढकलल्यासारखं वाटतं, एवढंच.

सातारकर

ताईंशी शंभर टक्के सहमत. गरिबीची म्हणून हिणवलेली लक्षणं आमच्या साताऱ्यात एका माणसाने मानाची करून दाखवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. पोरं स्वतः सैपाक करायची, शेतात राबायची आणि शिकायची. पुढे १९४७ ला कॉलेज निघालं तेही "कमवा व शिका" याच पायावर. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. माझे आजोबा तिथे शिकले. ठिगळाची विजार घालून वर्गात बसायचे आणि पुढे त्याच संस्थेत शिक्षक झाले. ठिगळाची लाज त्यांना कधीच वाटली नाही. नातवंडांना ते ती गोष्ट छाती फुगवून सांगायचे.

गच्चीचा_हिशोब

सातारकर, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण ती गोष्ट ते शिक्षक झाल्यावर सांगत होते. वर्गात बसले होते तेव्हा काय वाटत होतं, हे आपल्याला कुठे माहीत आहे? कर्मवीरांनी पोरांना राबवलं ते शिकून वर यावीत म्हणून. ठिगळ जपून ठेवायला नाही राबवलं. वर आलेल्याला ठिगळाच्या आठवणी गोड लागतात, अंगावर असताना त्या गोड नसतात.

नवी_सून

इथे सगळे बचतीचं कौतुक करताहेत म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन इस्लामपूर भागात आले. पहिल्या उन्हाळ्यात सासरी पाच किलोच्या कुरडया, दोन प्रकारचे सांडगे, शेवया आणि वर्षाची चटणी झाली. ब्याडगी-संकेश्वरी मिरचीचे देठ काढायचे, ऊन द्यायचं, डंकावर नेऊन कुटून आणायची, मग कांदा-लसूण भाजायचा. तीन दिवस हाताची आग. बाळाच्या डोळ्याला हात लागेल म्हणून मी माझ्या लेकराला जवळ घेतलं नाही. दुसरीकडे मी नोकरीसाठी परीक्षेचा अभ्यास करत होते.

पैसे वाचले, खरंय. पण वाचले ते कुणाच्या कंबरेतून? बाईचा दिवस कुठल्याच हिशोबात धरलेला नसतो, म्हणून घरचं स्वस्त पडतं. मी विकत आणा म्हणाले तेव्हा "शहरी चाळे" असं ऐकून घ्यावं लागलं. म्हणजे करणारी हलकी आणि न करणारी उधळी. ताई, तुमच्या लेकीने विकत आणूया म्हटलं त्यात कदाचित लाज नसेलही. आज्जीचा भाजलेला अंगठा तिनेही पाहिला असेल.

तासगाव_पेठ

मला वेगळंच म्हणायचंय. आपल्याकडे खरी खालची सवय म्हणजे काटकसर नाही, दिखावा. पोराच्या बारशाला चौकात फ्लेक्स, लग्नाला डीजे, हप्त्यावर पन्नास हजारांचा फोन, आणि घरात महिनाअखेरीला उधारी. याच मुलखात १९४३ नंतर, इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी गांधी-लग्नं लावली. बँड नाही, हुंडा नाही, जेवणावळी नाहीत. त्यांची नातवंडं-पतवंडं आज लग्नासाठी रान गहाण टाकतात. आमच्या भागात द्राक्षबाग फेल गेलेल्या वर्षीसुद्धा मांडव लहान झालेला मी पाहिला नाही. मजुराच्या हातात महागडा फोन बघितला की मला राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

हातावरचं_पोट

तासगाव पेठ दादा, राग येतो म्हणालात म्हणून उत्तर देते.

माझी आई सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निवडायला जायची. सीझनमध्ये तिचे हात मनगटापर्यंत पिवळे. पोस्टात, दवाखान्यात गेली की हात पदराखाली धरायची. आमच्या घरी दहा रुपयांचं गोडेतेल आणि पाच रुपयांची चहापूड यायची, रोजची रोज. लिटरने घेतलं तर स्वस्त पडतं हे आईला दुकानदाराइतकंच कळत होतं. पण लिटरचे पैसे एकदम हातात कधी नसायचे. लोक म्हणायचे, या लोकांना नियोजन नाही. नियोजनाला आधी शिल्लक लागते.

आता फोन. माझा भाऊ घरपोच माल पोचवतो. त्याला काम मिळतं फोनवर, पत्ता सापडतो फोनवर, पैसे येतात फोनवर. जुना फोन मधेच बंद पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. एकरकमी पैसे नाहीत म्हणून हप्ता. तुमच्या घराचा हप्ता म्हणजे गुंतवणूक आणि त्याच्या फोनचा हप्ता म्हणजे उधळेपणा, हे कसं?

आणि लग्न. माझ्या लग्नात आईने ऐपतीबाहेर खर्च केला. त्यातलं थोडं कर्ज बायकांच्या गटातून, दर आठवड्याला हप्ता. मी भांडले होते तिच्याशी. ती म्हणाली, "आपल्या दारात एवढी माणसं जेवून गेली की उद्या अडलं-नडलं तर दार वाजवायला तोंड राहतंय." वडील रात्री अडीचला पडले तेव्हा ज्याच्या जीपमधून मिरजेला दवाखान्यात नेलं, तो त्या मांडवात जेवलेला होता. आमच्याकडे विमा नव्हता, माणसं होती. डीजेची बाजू मी घेत नाही, तो मलाही नको होता. पण गरिबाचा पैसा कुठे जातो हे बघताना त्याला त्यातून काय मिळतं तेही बघा.

धाग्याच्या ताई, तुमच्या त्या "आम्हाला परवडतं" वाक्यावर मी थांबले होते. तुम्ही ते स्वतःच धरलंत म्हणून पुढे वाचलं. नाहीतर वाचलं नसतं.

तासगाव_पेठ

फोनचं म्हणणं पटलं. राग शब्द मागे घेतो. लग्नाचं नाही पटलं. जो माणूस रात्री जीप काढतो तो जेवला नसता तरी निघाला असता, असं मी मानतो. निघाला नसता तर आपल्या गावात काहीतरी मोठं बिघडलंय, आणि त्याचा भुर्दंड तुमच्या आईने दर आठवड्याच्या हप्त्यात भरू नये.

गावभाग

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आमचा तळमजला पूर्ण बुडाला. घराला रंग दिला तेव्हा रिकामी झालेली २० लिटरची बादली आईने घासून ठेवली होती. बायको कितीदा म्हणाली, फेकून द्या, बरं दिसत नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा आईने घराची कागदपत्रं, पासबुकं, पोरांच्या मार्कशीटा त्यात घालून झाकण गच्च दाबलं आणि माळ्यावर ठेवली. पाणी माळ्यापर्यंत आलं. परत आलो तेव्हा घरात सगळीकडे वीतभर गाळ, टीव्ही-फ्रीज आडवे, आणि बादलीतले कागद कोरडे.

त्या आठवड्यात शाळेच्या वर्गात आम्ही आणि आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी एका सतरंजीवर झोपलो. वाटपात आलेले जुने कपडे सगळ्यांनी घातले. कुणी नाक मुरडलं नाही.

गच्चीचा_हिशोब

गावभाग, २०१९ ला मीही तुमच्याच भागात पाण्यातून माणसं काढत होतो, त्यामुळे समजतं. पण आधीचा मोठा पूर २००५ चा. चौदा वर्षांतून एकदा लागेल म्हणून घराघरात चाळीस डबे आणि पन्नास पिशव्या साठवायच्या का? माझ्या आईच्या कपाटात ताटकळलेले रिकामे डबे मी बघतो. ती ते वापरत नाही, तिला ते टाकवत नाहीत. टंचाईची भीती तिच्या अंगातून गेलेली नाही आणि त्याला आपण संस्कार म्हणतो. ती भीती माझ्या पोरांत उतरू नये असं मला वाटतं. त्यात कुणाला हलकं लेखण्याचा प्रश्न येतो कुठे?

मिरज_जंक्शन

एक छोटी गोष्ट. भाजी आणायला कापडी पिशवी नेणं आमच्या कॉलनीत जुनाट समजलं जायचं. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि तीच पिशवी चांगल्या घरातल्या बायका मिरवायला लागल्या. पिशवी तीच, फक्त हात बदलले. जुन्या पँटच्या कापडाची पिशवी घेऊन येणारी आमची आत्या मात्र अजून गबाळीच.

विश्रामबागकर

सगळं दोनदा वाचलं.

नवी सून, तुझं लागलं. मी धाग्यात सासूबाईंच्या चटक्याचं कौतुकाने लिहिलं. त्यांना करायचंय का, हे आजवर विचारलं नव्हतं. काल विचारलं. म्हणाल्या, "करायचंय, पण चार किलो नको. दोन पुरे. आणि तुझ्या नवऱ्याला उठव पहाटे, पळी धरायला." नवरा उठणार आहे. लेकीलाही विचारलं. ती म्हणाली, वर्गातली एक मैत्रीण आपल्याच इमारतीत राहते, तिने फोटो बघितला असेल. म्हणजे लाजही होतीच.

गच्चीचा हिशोब, टाकीचा मुद्दा रास्त आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यात, टाकीपासून लांब, सकाळी घालून संध्याकाळी उचलायचं, असं मी ग्रुपवर लिहिलंय. तुमच्या दोरीबद्दल मात्र मी काय बोलणार. मित्र यायच्या आधी दोरी मोकळी करणारा तो मुलगा माझ्या लेकीच्याच वयाचा असेल.

हातावरचं पोट, ते जुनं वाक्य मी खोडलं नाही, कारण सगळ्यांनी वाचलेलं होतं. त्याखाली दुसरं लिहिलं, "परवडतं की नाही हे मी सांगायला नको होतं. कुणीही, कुठल्याही कारणाने वाळवण घालू शकतं." दोघांनी अंगठा दाखवला, बाकी सगळे गप्प.

कुरडया उचलून डब्यात भरून झाल्या. पिशव्या मात्र पुन्हा गच्चीवर गेल्या नाहीत. सासूबाईंनी न्हाणीघराच्या दारामागे खिळा ठोकून घेतलाय आणि तिथे, दार उघडं असलं की दिसणार नाहीत अशा, वाळत घालतात. तिथून बाहेर काढा म्हटलं तर हसतात आणि दार लावून घेतात.