जुलैअखेर कोर्लई-रेवदंडा: पावसात दोन दिवस जमेल का?

परभणीकर:
जुलैअखेरच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं रायगड जिल्ह्यातले, अलिबागजवळचे कोर्लई आणि रेवदंडा हे किल्ले बघायला निघायलो. गर्दी नको म्हणून मुद्दाम पावसाळा धरलाय. किल्ला पावसात चढता येतो का? रेल्वेनं कसं जावं? भरती-ओहोटीचं गणित काय? सोबत साठी ओलांडलेल्या आत्या आहेत.

उदगीरचा_भटक्या:
जागा बरोबर निवडली भाऊ. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. कोर्लईला तिन्ही बाजूंनी पाणी असलं तरी एका अंगानं जमीन आहे, त्यामुळे होडीवर काही अडत नाही.

नांदेड-पनवेल एक्स्प्रेस शुक्रवारी संध्याकाळी धरा, सकाळी पनवेल येतं. तिथून एसटीनं पेणमार्गे अलिबाग, पुढे रेवदंडा-मुरूडकडे जाणारी गाडी. वडखळच्या आसपास गाड्या तुंबतात, म्हणून शनिवारी दुपारपर्यंतचा वेळ प्रवासातच गेला असं धरून चाला. मुक्काम रेवदंड्यात करा आणि कोर्लई रविवारी सकाळी. मात्र परतीची गाडी पाहूनच खाली उतरायची वेळ ठरवा.

किल्ल्याला दीपगृहाकडून पायऱ्या आहेत. चढ मोठा नाही, पण शेवाळ वाईट. चढताना पाय धरतो, उतरताना सटकतो. खोल नक्षीचे रबरी तळ असलेले बूट हवेत, चप्पल अजिबात नको. माथा चिंचोळा आहे, वारा आडवा लागतो, तिथं छत्री उलटते. रेनकोटच न्या. गवत वाढलं की पाण्याच्या टाक्याची कड दिसत नाही. काठीनं चाचपल्याशिवाय पायवाट सोडू नका. आत्यांना जड वाटलं तर दीपगृहापाशी थांबू द्या, समुद्र तिथूनही छान दिसतो.

तटबंदी_वेडी:
दादांनी चढाचं सांगितलंय, मी भरतीचं सांगते. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला उलटं होतं, ऐन दुपारी उधाण. रेवदंड्याचा तट समुद्राच्या अंगानं, पुळणीवरून बघायचा असेल तर अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार निवडा. हा हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतो. वारा किनाऱ्याकडे असेल तर लाटा आणखी वर येतात. पाण्यात उतरू नका, पावसाळ्यात खालची ओढ वरून कळत नाही.

आणि कोर्लई नुसता चढून उतरू नका. रेवदंड्याशेजारच्या चौलला बस्तान बसवायची परवानगी पोर्तुगीजांना १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं दिली, आणि कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये त्याच निजामशाहीकडून लढून घेतला. पुढे ज्या निजामशाहीकडून आपलं दौलताबाद मुघलांनी १६३३ ला घेतलं, तीच ही. मराठ्यांकडे हा भाग १७४० मध्ये आला. वर गेल्यावर आडवे तट बघा: अरुंद माथा तुकड्या-तुकड्यांत तोडलाय आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा दरवाजा. एक दरवाजा पडला तरी शत्रूला पुढचा नव्यानं लढावा लागे. चर्चचे अवशेष आणि तोफा आतच आहेत. खालच्या गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. फोटो काढण्याआधी विचारा, लोकांचं राहतं गाव आहे ते.

रेवदंड्यात सातखणी मनोरा चुकवू नका.

परभणीकर:
फार उपयोगी, ताई. जेवणाचं कसं?

उदगीरचा_भटक्या:
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजं म्हणून पापलेट-सुरमई पुढं आली तर ती बहुतेक बर्फातली समजा. खाडीची मासळी, सुकट, सुके बोंबील मागा. पावसाळ्यात घरगुती खानावळी माणसं मोजून रांधतात, म्हणून आदल्या रात्रीच ताटं सांगून ठेवा. शाकाहारी किती तेही तेव्हाच सांगा.

तटबंदी_वेडी:
एक राहिलं. हवामान खात्याचा रायगडसाठी लाल इशारा असेल तर बेत सरळ पुढं ढकला. सप्टेंबरच्या उत्तरार्धात हिरवळ तशीच असते आणि पाऊस उघडीप देतो.