बचत खात्यातील शिल्लकीवर जकात: वर्ष नेमके कोणत्या दिवसापासून मोजावे?

प्रश्न (हिशेबी)

अस्सलामु अलैकुम. माझ्या बचत खात्यात दरमहा पगार जमा होतो, त्यातला बराचसा महिनाअखेरीपर्यंत खर्च होतो आणि उरलेला तिथेच पडून राहतो. याशिवाय चार वर्षांपूर्वी घर घेण्याच्या इराद्याने केलेली एक मुदत ठेव आहे. जकातीबद्दल, म्हणजे मुसलमानाने दरवर्षी बचतीतून गरजूंसाठी काढायच्या अनिवार्य दानाबद्दल, 'वर्षभर राहिलेल्या रकमेवर अडीच टक्के' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु पासबुक समोर घेऊन बसलो तेव्हा वर्षभर राहिलेली रक्कम म्हणजे कोणती, हेच उमगेना. एप्रिलमधला पैसा आणि ऑगस्टमधला पैसा खात्यात असा मिसळून गेला आहे की कोणता खर्च झाला आणि कोणता उरला हे सांगता येत नाही. मग वर्षातली सर्वांत कमी शिल्लक धरावी, सरासरी काढावी, की आजचा आकडा घ्यावा? घरासाठी बाजूला ठेवलेली ठेव ही मूलभूत गरज समजून वगळता येईल का? आणि खात्यावर जमा झालेले व्याजच जकात म्हणून देऊन टाकले तर चालेल का? आजवर मी बचत खात्याची जकात अंदाजाने देत आलो. ठेव मात्र कधीच हिशेबात धरली नाही. मी हनफी आहे (शाफिई, मालिकी, हंबली यांसारखाच हा सुन्नी धर्मकायद्याचा एक मतप्रवाह).

उत्तर १ (तालिबे-इल्म)

व अलैकुम अस्सलाम. आपला गोंधळ 'वर्षभर राहिलेली रक्कम' या शब्दांमुळे झाला आहे. हनफी मतानुसार वर्ष प्रत्येक नोटेचे मोजायचे नसते, तर मालकाच्या साहिबे-निसाब असण्याचे, म्हणजे जकात लागू होण्याइतकी किमान रक्कम (निसाब) त्याच्याकडे असण्याचे मोजायचे असते. ज्या दिवशी आपली एकूण बचत प्रथम निसाबाइतकी झाली, ती हिजरी (इस्लामी चांद्र कॅलेंडरची) तारीख आपल्या जकातीची तारीख ठरते. पुढच्या वर्षी त्याच तारखेला खात्यात जे असेल त्यावर जकात आहे; मधल्या काळात शिल्लक निसाबाखाली गेली तरी बिघडत नाही, फक्त ती पूर्णपणे संपलेली नसावी. सगळी संपली असेल तर पुन्हा निसाब होईल त्या दिवसापासून नवे वर्ष सुरू होते. त्यामुळे किमान शिल्लक आणि सरासरी हे दोन्ही पर्याय सोडून द्यावेत.

याचा एक परिणाम लोकांना खटकतो. पगार जकातीच्या आदल्या दिवशी जमा झाला, तर तोही पूर्ण धरला जातो, कारण मूळ निसाबात भर पडलेला पैसा मुळाचेच वर्ष घेतो. मात्र त्या दिवशी जे देणे अंगावर आहे, म्हणजे थकलेले भाडे, उसनवारी, कर्जाचा देय झालेला हप्ता, ते वजा करता येते. पुढच्या महिन्यात होणारा खर्च हे देणे नव्हे. तो वजा होत नाही.

निसाब मूळचा २० दीनार सोने किंवा २०० दिरहम चांदी असा आहे. तोळ्यांच्या प्रचलित हिशेबाने तो साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने, किंवा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी होतो. काही उलेमा (धर्मपंडित) ८५ आणि ५९५ ग्रॅम धरतात. कागदी चलन सोनेही नाही आणि चांदीही नाही, म्हणून त्यावर जकात नाही, असा युक्तिवाद एके काळी केला जात असे. १९८६ मध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने कागदी चलनाला जकातीसह सर्व बाबतींत सोन्याचांदीच्या नाण्यांचेच नियम लागू होतात असा ठराव केला, आणि आज त्याबद्दल वाद उरलेला नाही. वाद उरला आहे तो निसाब सोन्याने मोजावा की चांदीने, याचा. चांदी आता सोन्याच्या तुलनेत इतकी स्वस्त आहे की दोन्ही निसाबांत प्रचंड अंतर पडते. हनफी उलेमा सहसा चांदीचा निसाब धरतात, कारण त्यात गरिबाचा फायदा आहे. आपली ठेव पाहता आपल्याला बहुधा या वादात पडण्याची गरजच येणार नाही.

उत्तर २ (शाफिई वाचक)

वरील उत्तर हनफी मताचे म्हणून बरोबर आहे, पण हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहितो. शाफिई मतात निसाब संपूर्ण वर्ष टिकून राहणे आवश्यक आहे, आणि पगारासारख्या नव्याने आलेल्या रकमेचे वर्ष ती हातात आल्यापासून स्वतंत्र मोजले जाते. तत्त्व म्हणून हे स्पष्ट आहे, पण पगाराच्या खात्याला लावायचे तर वर्षाला बारा तारखा सांभाळाव्या लागतात. म्हणून एकच तारीख धरून सगळ्या शिल्लकीवर जकात द्यावी आणि ज्या रकमेचे वर्ष अजून भरलेले नाही तिची जकात आगाऊ दिली असे समजावे, असे समकालीन उलेमा सुचवतात. निसाब हाती असताना जकात आगाऊ देणे शाफिई मतात जायज आहे.

दोन फरक आणखी. आमच्याकडील प्रबळ मतानुसार कर्ज जकातीतून वजा होत नाही. आणि अल्पवयीन मुलांच्या नावे ठेवलेल्या बचतीवर हनफी मतात जकात नसली, तरी शाफिई, मालिकी आणि हंबली मतांत ती आहे व पालकाने ती मुलाच्या रकमेतून काढायची असते.

उत्तर ३ (वहीखाते)

व्याजाबद्दल लिहितो. जकात ही आपल्या मालकीच्या हलाल धनातून काढायची असते. व्याज मुळात आपले नाहीच, त्यामुळे ते देऊन जकातीची जबाबदारी उतरत नाही. कुराणातील सूरह बकरामध्ये व्याजाबद्दल तौबा (पश्चात्ताप) करणाऱ्याला त्याचे मूळ धन तेवढे त्याचे असल्याचे सांगितले आहे. व्याज वेगळे काढून सवाबची (पुण्याची) नियत (इरादा) न ठेवता गरजूला देऊन टाकावे, आणि जकात मुद्दलावर मोजावी. पासबुकात व्याजाच्या नोंदी वेगळ्या छापलेल्या असतात. पेन्सिलीने त्यांच्यापुढे खूण करत गेलात तर दहा मिनिटांत बेरीज निघते.

ठेव वगळता येणार नाही. राहते घर मूलभूत गरज आहे, घरासाठी साठवलेला पैसा नव्हे. तो हजसाठी असो, लग्नासाठी असो, मालकी आपली आहे तोवर दरवर्षी हिशेबात येतो. मुदतीपूर्वी हात लावता येत नाही म्हणून मालकी जात नाही, कारण ती ठेव आपण स्वतःच्या मर्जीने केली आहे.

एक चूक मी स्वतः केली, ती आपण करू नये. अनेक वर्षे मी १ जानेवारीला हिशेब करत असे, कारण तारीख लक्षात राहते. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते. ३३ सौर वर्षांत सुमारे ३४ चांद्रवर्षे होतात, म्हणजे तेवढ्या काळात एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते. सौर तारखेशिवाय कोणाचा इलाजच नसेल तर काही उलेमा २.५ ऐवजी सुमारे २.५८ टक्के काढायला सांगतात. मी मात्र हिजरी तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवायला लागलो.

हिशेबी

सर्वांना जझाकल्लाह. मी पहिल्यांदा साहिबे-निसाब कधी झालो हे आठवत नाही, म्हणून जुनी पासबुके चाळून शाबान या हिजरी महिन्याचा पहिला दिवस हा सर्वांत जवळचा अंदाज निघाला आणि तोच पक्का केला. त्या दिवशी खात्यात २,६०,००० होते, त्यात व्याज ९,०००. ठेवीचे मुद्दल ५,००,०००; तिच्यावरचे साचलेले व्याज बाजूला काढले. एका नातेवाइकाचे ३१,००० देणे आहे. म्हणजे २,५१,००० अधिक ५,००,००० वजा ३१,०००, एकूण ७,२०,०००, आणि त्याचा चाळीसावा भाग १८,०००. हे बरोबर आहे का? आणि ठेवीची मागील तीन वर्षांची राहून गेलेली जकात कशी काढावी? माझी बहीण विधवा आहे व तिची परिस्थिती बेताची आहे. ही रक्कम तिला देता येईल का?

उत्तर ४ (तालिबे-इल्म)

आकडेमोड बरोबर आहे, पण एक देणे राहून गेले, आणि ते आपणच खाली लिहिले आहे. राहून गेलेली जकात हेही अंगावरचे देणेच आहे. पहिल्या वर्षी ५,००,००० चे १२,५००. दुसऱ्या वर्षी ते वजा करून ४,८७,५०० वर १२,१८७.५०. तिसऱ्या वर्षी ४,७५,३१२.५० वर सुमारे ११,८८३. तिन्हींची बेरीज ३६,५७० च्या आसपास होते. ती ७,२०,००० मधून वजा केली की यंदाची जकात साधारण १७,०८६ येते. एकूण देणे त्यामुळे सुमारे ५३,६५६. सगळे एकदम देणे जड जात असेल तर मागील बाकी लिहून ठेवून जमेल तशी फेडावी, मात्र टाळाटाळ करू नये.

बहिणीला देता येईल, ती निसाबाची मालक नसेल तर. आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे आणि पत्नी यांना देता येत नाही. भाऊबहीण त्यात येत नाहीत, उलट तिथे जकातीबरोबर नाते जपल्याचाही सवाब आहे. रक्कम तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात, तिच्या पूर्ण मालकीची म्हणून द्यावी. ती कशी वापरावी याची अट तिला घालू नये. नियत आपल्या मनात हवी, देताना किंवा रक्कम वेगळी काढताना. ही जकात आहे असे तिला सांगण्याची गरज नाही. ईदची भेट म्हणून दिलीत तरी जकात अदा होते.