टाकीचा गीझर गळू लागला. त्याच्या जागी कोणता घ्यावा?

कोथरूडकर :
आमचा २५ लिटरचा गीझर १२ वर्षांनी तळातून गळू लागला, तेव्हा विजेच्या टाकीवर पुन्हा पैसे घालायचे नाहीत असे ठरवून मी गॅस गीझर बसवला. नळ सोडला की गरम पाणी येते. टाकीचा गीझर म्हणजे वीज गटारात ओतणे आहे आणि त्यावरचे पाच स्टार ही निव्वळ सजावट आहे, हे लोकांना कधी कळणार?

नववा मजला :
हे वाचून गप्प बसवले नाही. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे १.१६ युनिट एवढी उष्णता लागते आणि ती कोणत्याही गीझरला चुकत नाही. टाकीत वाया जाते ती तापलेले पाणी नुसते पडून राहिल्याने बाहेर झिरपणारी उष्णता, आणि स्टार देताना नेमकी हीच २४ तासांची गळती विचारात घेतली जाते. त्यामुळे अंघोळीआधी अर्धा तास बटण लावून नंतर आठवणीने बंद करणाऱ्या घरात तीन आणि पाच स्टारमध्ये फारसा फरक पडत नाही. ज्यांचे बटण दिवसभर चालू असते त्यांना मात्र तो पडतो.

गॅसचे म्हणाल, तर माझी मामेबहीण चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून अंघोळ करताना बेशुद्ध पडली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दाराची कडी सैल होती, दोन धक्क्यांत निघाली, म्हणून ती आज आहे.

कोथरूडकर :
तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटले. परंतु आमचा गीझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत आहे. न विचारता घाबरवण्याचे कारण नव्हते.

नववा मजला :
बाल्कनीचा उल्लेख आधी केला असता, तर विचारावे लागले नसते. गॅस स्वस्त पडतो, हे मी नाकारलेले नाही.

टँकरग्रस्त :
आपण दोघेही महापालिकेचे पाणी गृहीत धरून भांडत आहात. वाघोलीत आम्ही टँकरच्या पाण्यावर राहतो. मागच्या महिन्यात मेकॅनिकने आमच्या गीझरचे झाकण उघडले, तेव्हा कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरा थर होता, टाकीच्या तळातून दीड वाटी पोपडे निघाले आणि टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड तारेएवढा उरला होता. तो रॉड वेळेवर बदलला असता, तर टाकी वाचली असती, हे मला पाच वर्षांत कोणीही सांगितले नाही. सोसायटीत पाण्यातले क्षार काढणारा, मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवावा म्हणून मी तीन सभांत बोललो. मिठाचा खर्च कोणी करायचा, यावर तिन्ही सभा संपल्या.

कोथरूडकर :
पाण्याची चौकशी न करता घर घ्यायचे आणि दोष गीझरला द्यायचा, हेही नवलच आहे.

टँकरग्रस्त :
चौकशी केली होती. बिल्डरने ‘दोन वर्षांत नळ येईल’ असे सांगितले होते. त्याला नऊ वर्षे झाली. खडकवासल्याच्या पाण्याने अंघोळ करून आम्हाला शहाणपण शिकवू नका. तुमच्या गॅस गीझरची बारीक नळी आमच्या पाण्याने टाकीच्याही आधी तुंबेल.

साताऱ्याचा बंब :
आमचा तांब्याचा बंब आजोबांच्या काळापासून चालू आहे. त्याला स्टार नाहीत.

नववा मजला :
नवव्या मजल्यावर धूर कोणत्या बाजूने सोडावा, तेवढे कळवावे. इन्स्टंटचा, म्हणजे पाणी न साठवता वाहतेच तापवणाऱ्या विजेच्या गीझरचा, सल्ला कोणी देण्याआधीच सांगतो की ३ किलोवॉटचा गीझर पाणी २० अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. थंडीत बादली भरेपर्यंत आपण कुडकुडत उभे असतो. गच्चीवरच्या सोलरमध्ये गरम पाणी खाली येईपर्यंत एक बादली थंड पाणी वाया जाते आणि आषाढात तर त्याला विजेचीच कॉइल लागते.

कोथरूडकर :
माझी मुलगी पुढच्या महिन्यात वाघोलीत राहायला जात आहे आणि तिच्या बाथरूमला खिडकी नाही. तेव्हा आपणा सर्वांच्या कृपेने तिच्यासाठी १५ लिटरचा टाकीचाच घेतो. समाधान झाले असेल.

टँकरग्रस्त :
झाले. फक्त तो फॉल्स सीलिंगच्या वर कोंबू नका. आमचा तसा आहे, त्यामुळे रॉड पाहायचा म्हटले तरी सगळा गीझर खाली उतरवावा लागतो आणि मेकॅनिक त्याचे पैसे वेगळे घेतो.