लाईटच्या बटनाच्या बोर्डाचा डब्बा भिंतीच्या किती बाहेर ठेवावा?

प्रश्न: राम राम भाऊ, दारव्ह्याकडं गावात घर बांधून रायलो, विटाचं काम झालं, आता झिऱ्या (भिंतीत खाचा) मारून पाईप अन् लोखंडी डब्बे बसवणं चालू हाय. लाईट फिटर म्हणते विटाच्या बरोबरीनं ठेवा, मिस्त्री म्हणते बाहेर काढा, मी मधातच. सोयाबीन विकून पैसा लावला, पुन्हा तोडफोड जमत नाही. एका खोलीत जिप्सम बोर्डाचं पार्टिशन बी हाय.

उत्तर: मिस्त्री बरोबर हाय. आतलं प्लास्टर १२ ते १५ एमएम येते, डब्ब्याची कड तयार प्लास्टरच्या लेव्हलले पाह्यजे. पहिले ठिय्ये (प्लास्टरच्या जाडीचे मसाल्याचे छोटे ठोकळे) मारून घ्या, दोन ठिय्यांवर पट्टी टेकवा, कड पट्टीले लागली का मसाला भरा. अन् डब्ब्यात कागद कोंबा बाप्पा, नाई तं पाईपात सिमेंट जाते.

उत्तर: माह्या घरी एक डब्बा पाऊण इंच आत गेला. स्क्रू पोचेना, लांब स्क्रू आणून आवळला तं प्लेटच वाकली, अजून बी फॅनचं बटन दाबलं का अख्खी प्लेट हालते.

उत्तर: जिप्सम बोर्ड बहुतेक १२.५ एमएमचा असते. त्याचाच तुकडा चॅनलवर (पार्टिशनच्या सांगाड्याच्या पट्टीवर) धरा अन् डब्बा तेवढाच बाहेर काढून फिट करा, डबल बोर्ड असन तं दोन तुकडे. लोखंडी डब्ब्याले अर्थिंग जोडाले सांगजा, फिटर लोक टाळतेत.

प्रश्नवाला: उद्याच ठिय्ये मारतो. हॉलमधले चार डब्बे तं बसून गेले, ते उपसाच लागते आता.