मदत हवी आहे : सीजीपीए (सर्व सत्रांची मिळून सरासरी) काढताना क्रेडिट (विषयाचा भारांक) कसे धरावेत?

नमस्कार. माझी मुलगी सांगलीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणांना त्याच्या क्रेडिटने गुणून, त्या गुणाकारांच्या बेरजेला एकूण क्रेडिटने भागले की सत्राचा एसजीपीए (त्या एका सत्राची सरासरी) मिळतो, इथपर्यंत मला समजले (आमच्या वेळी फक्त टक्के असत). आता सीजीपीएसाठी समजा, पहिल्या सत्रात २० क्रेडिटला ७.२ आणि दुसऱ्या सत्रात २४ क्रेडिटला ८.१ मिळाले, तर सरळ सरासरी ७.६५ येते, क्रेडिटचा भार धरल्यास मात्र ३३८.४ भागिले ४४, म्हणजे ७.६९. मला दुसरी रीतच योग्य वाटते. परंतु एखादा विषय राहिला, तर त्याचे क्रेडिट भाजकात ठेवावेत की वगळावेत? शिष्यवृत्तीच्या अर्जात चूक होऊ नये, म्हणून जाणकारांनी कृपया उदाहरणासह सांगावे.