चुंबकीय क्षेत्रात थंड केलं की सुपरकंडक्टर धन चुंबकत्व दाखवतोय, खरं मानू का?

शून्यरोध:
बिस्मथ-२२१२ (एक सिरॅमिक सुपरकंडक्टर) ची भट्टीत भाजलेली गोळी स्क्विड मॅग्नेटोमीटरमध्ये (अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणारं यंत्र) मोजतोय, अर्ध्या एर्स्टेडला (चुंबकीय क्षेत्राचं एकक). शून्य क्षेत्रात थंड करून मग क्षेत्र लावलं (झेडएफसी) तर टीसीखाली (सुपरकंडक्टिंग व्हायला लागतो ते तापमान) आकडा व्यवस्थित ऋण जातो. क्षेत्र लावूनच थंड केलं (एफसी) तर त्याच तापमानाला आलेख वर वळतो आणि धन होतो. माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवलं, की सुपरकंडक्टर क्षेत्र बाहेर ढकलतो, त्याच्या नेमकं उलट! सर म्हणतात सॅम्पलमध्ये चुंबकीय अशुद्धी आहे. पण अशुद्धी टीसीच्या वरही दिसायला हवी ना? तिथे रेघ सपाट आहे.

हेलियमखाऊ:
अशुद्धीबद्दल तुझं म्हणणं पटतं. (अरेतुरे करतोय, राग नसावा.) पण हुरळून जायच्या आधी सांग, तुझ्या आधी त्या मशीनवर कोणी मोठं क्षेत्र लावलं होतं का? मशीनचं चुंबकसुद्धा सुपरकंडक्टिंग तारेचंच. काही टेस्लांवरून शून्यावर आणलं तरी तारेत फ्लक्स (चुंबकीय क्षेत्राच्या रेषा) अडकून राहतो. स्क्रीनवर शून्य दिसतं, सॅम्पलपाशी मात्र एखाद-दोन एर्स्टेड उरलेलं असतं, आणि बऱ्याचदा उलट्या दिशेचं.

समजा उणे १ उरलंय. तू ०.५ लावलंस की खरं क्षेत्र उणे ०.५. एफसीमध्ये सॅम्पल या खऱ्या क्षेत्राला विरोध करणार, म्हणून आकडा धन. झेडएफसीमध्ये सॅम्पल आधीच थंड आहे, त्याला मुख्यतः ०.५ चा बदल अडवायचाय, म्हणून आकडा ऋण. दाणेदार सिरॅमिकमध्ये फ्लक्स जागोजागी अडकतो, त्यामुळे बाहेर टाकलेलं क्षेत्र तसंही थोडंच असतं आणि अडवणूक त्यावर मात करते. झाला तुझा आलेख तयार, नवीन भौतिकी काहीही न लागता.

उणे ०.५ लावून पुन्हा थंड कर. परिणाम खरा असेल तर आलेख आरशातल्यासारखा उलटेल. शिल्लक क्षेत्राची करामत असेल तर धन आकडा उलटायचा सोडून आणखी वाढेल. आणि सॉफ्टवेअरने काढून दिलेल्या आकड्यावर जाऊ नकोस, कच्चा स्कॅन उघडून बघ. मोजताना सॅम्पल काही सेंटिमीटर सरकतं; वाटेत क्षेत्र एकसारखं नसेल तर सुपरकंडक्टरचं चुंबकत्व प्रवासातच बदलतं आणि फिटिंग चक्क चिन्ह चुकवतं. स्कॅनची लांबी कमी केल्यावर आकडा हलला तर समजून जा.

अर्धाक्वांटम:
हेलियमखाऊ, तुम्ही याला फारच घाबरवलंत. बिस्मथच्या सिरॅमिकमध्ये हा परिणाम १९८९ पासून नोंदलेला आहे, व्होलेबेन इफेक्ट म्हणतात त्याला. १९९२ मध्ये सिग्रिस्ट आणि राइस यांनी कारणही सुचवलं: डी-वेव्ह सुपरकंडक्टरचे (ज्यात इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या तरंगाचं चिन्ह दिशेनुसार बदलतं) दाणे वेडेवाकडे जुळले की काही सांध्यांत पाय (π, म्हणजे अर्ध्या आवर्तनाइतका) फेज-फरक येतो, आणि अशा वळशात बाहेरचं क्षेत्र नसतानाही आपोआप प्रवाह वाहतो. म्हणजे हा डी-वेव्हचा पुरावाच.

हेलियमखाऊ:
पुरावा? तिथेच माझं भांडण आहे. पुढे नायोबियमच्या चकत्यांतही हेच दिसलं, आणि नायोबियम साधा एस-वेव्ह (सगळ्या दिशांना चिन्ह एकच), तिथे कसले पाय सांधे! चकतीचा पृष्ठभाग घासून काढला की परिणाम जायचा. १९९८ मध्ये गाइम आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्यांवर एका फ्लक्स क्वांटमपेक्षाही (सुपरकंडक्टरमधल्या फ्लक्सचं मूळ एकक) बारीक मोजमाप केलं. थंड होताना पृष्ठभागाजवळचा थर आधी सुपरकंडक्टिंग होतो, आतला फ्लक्स कोंडला जातो. तापमान आणखी उतरलं की तो आक्रसून मध्यभागी गोळा होतो, आणि कडेला बाहेरचा जादा फ्लक्स शिरायला जागा होते. ही अवस्था अर्धस्थिर असते. बाहेरून गोंगाटाचा धक्का दिला की चकती मुकाट्याने माइसनर अवस्थेत परत जायची.

बिस्मथच्या गोळीत पाय सांधे असतील, नाही म्हणत नाही. अशा सांध्यांची खूण असलेला अर्धा फ्लक्स क्वांटम तर त्सुएई आणि कर्टली यांनी १९९४ मध्ये वायबीसीओमध्ये (यिट्रियम असलेला सिरॅमिक सुपरकंडक्टर) थेट पाहिला. पण नुसत्या धन आकड्यावरून डी-वेव्ह सिद्ध होत नाही.

शून्यरोध:
उणे ०.५ लावून पाहिलं, आलेख उलटला! स्कॅन छोटा केला तरी आकडा तोच. क्षेत्र वाढवत नेलं तर काही एर्स्टेडला एफसी परत ऋण होतो. सरांना आलेख दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अर्धाक्वांटम:
क्षेत्र वाढवल्यावर ऋण होणं सिरॅमिकच्या जुन्या नोंदींशी जुळतं. अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्यांत उलट होतं, ठरावीक क्षेत्राच्या वर गेल्यावरच धन. तुझं प्रकरण माझ्या बाजूचं आहे!

हेलियमखाऊ:
बाजू नंतर. आधी गोळी कुटून बारीक पूड कर आणि तेच मोजमाप पुन्हा घे. दाण्यांमधले वळसे तुटल्यावर धन भाग गेला, तर अर्धाक्वांटमचं ऐकू. गोळीचा अर्धा तुकडा मात्र बाजूला ठेव, सगळी कुटू नकोस.